स्नोमोबाईलचे स्पार्क प्लग: तपासणी, बदली आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑन्टॅरिओ, क्यूबेक, मिनेसोटा, मिशिगनचा वरचा भाग या पट्ट्यात स्थिरावलेली आपली मंडळी दोन-चार हिवाळे काढले की हळूच स्नोमोबाईलकडे, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाडीकडे, वळतात. पहिली गाडी बहुतेक वेळा सेकंडहँड, टू-स्ट्रोक आणि कुणाच्या तरी शेडमध्ये तीन वर्षं उभी असलेली. मग पहिल्याच थंडीत फोन येतो: "गाडी चालू होत नाहीये, प्लग बदलू का?" बदला, जरूर बदला. पण जुना प्लग कचऱ्यात टाकायच्या आधी उजेडात धरून नीट बघा. इंजिनाच्या आत काय चाललंय हे इंजिन न उघडता सांगणारी तेवढी एकच वस्तू तुमच्या हातात आहे. खालची बहुतेक उत्तरं या ना त्या वाटेने याच मुद्द्यावर येतात.

माझ्या गाडीत प्लग किती आणि ते कुठे असतात?

जितके सिलिंडर तितके प्लग. ६००, ८००, ८५० सीसीच्या अलीकडच्या टू-स्ट्रोक गाड्या दोन सिलिंडरच्या असतात, म्हणजे दोन प्लग. स्की-डू ब्रँडच्या गाड्यांतलं रोटॅक्स ९०० एस हे फोर-स्ट्रोक इंजिन तीन सिलिंडरचं, तिथे तीन. लहान मुलांच्या छोट्या गाडीत एकच.

साइड पॅनल उघडलं की टू-स्ट्रोकच्या हेडवर (सिलिंडरच्या वरच्या झाकणावर) जाड काळ्या वायरींच्या टोकाला रबरी टोप्या दिसतील. त्या कॅपखाली प्लग. फोर-स्ट्रोकमध्ये कॉईल (ठिणगीसाठी लागणारी वीज देणारा भाग) थेट प्लगच्या डोक्यावर बसवलेली असते आणि प्लग खोल विहिरीत असतो. तिथे लांब सॉकेट लागतं आणि थोडा धीरही.

प्लग गेलाय हे गाडी चालवताना कसं कळतं?

थंडीत स्टार्टरची दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागतो, तरी इंजिन नुसतं फुसफुसतं. चालू झालं तर एकाच सिलिंडरवर चालतं: आवाज तुटक, हँडलला विचित्र थरथर, आणि थ्रॉटल दाबला तरी गाडी जेमतेम सरकते. वरच्या वेगात मिसिंग मारणं हेही लक्षण. पेट्रोल अचानक जास्त प्यायला लागणं हे आणखी एक, पण ते कुणाच्या लवकर लक्षात येत नाही.

यातलं प्रत्येक लक्षण कॉईल, कॅप, कार्ब्युरेटर, गोठलेलं पाणी किंवा गेलेल्या कॉम्प्रेशनचंही असू शकतं. सुरुवात प्लगपासून करायची ती तो स्वस्त आणि हाताशी आहे म्हणून. दोष नेहमी त्याचाच असतो असं नाही.

कुठला सिलिंडर मेलाय हे शोधायची जुनी आणि खात्रीची युक्ती म्हणजे दोन्ही प्लगांची अदलाबदल. दोष प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर प्लग खराब. दोष जागेवरच राहिला तर नवा प्लग आणून काही उपयोग नाही, कारण भानगड दुसरीकडे आहे.

टू-स्ट्रोकमध्ये प्लग इतक्या लवकर काळे का पडतात?

पुण्या-मुंबईत ज्यांनी चेतक किंवा आरएक्स १०० चालवली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं. पूर्ण जळलं तर ठीक, नाहीतर ते प्लगच्या टोकावर बसतं. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वर गेलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. गाडी दणकून चालवली तर हे तापमान सहज येतं. अंगणात उभी करून दहा-दहा मिनिटं आयडलवर ठेवली तर येत नाही.

म्हणूनच सर्वांत जास्त प्लग मरतात ते गाडी ट्रेलरवर चढवताना-उतरवताना, सारखं चालू-बंद करताना, चोक ओढून विसरल्यावर आणि "जरा गरम होऊ दे" म्हणत उभं राहिल्यावर. उणे २५ मध्ये वॉर्म-अप हवाच, पण इंजिन स्थिर चालायला लागलं की हळू वेगात निघा. पुढचं गरम व्हायचं काम चालता चालता होतं.

ऑइल पंपाची केबल चुकीची लावलेली असेल तर गरजेपेक्षा जास्त ऑइल जातं आणि तोच परिणाम दिसतो. नव्या किंवा नुकत्याच उघडून बांधलेल्या इंजिनात रनिंग-इनसाठी टाकीतही ऑइल मिसळायला सांगतात. त्या काळात प्लग काळे दिसले तर घाबरू नका.

किती दिवसांनी बदलायचे?

मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तेव्हा. मॅन्युअल नसलेल्या जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकसाठी माझं मत असं: दर हिवाळ्याच्या सुरुवातीला नवे घाला आणि जुने चांगले असतील तर स्पेअर म्हणून ठेवा. साधा निकेलचा प्लग काही डॉलरला मिळतो आणि टोइंगचं बिल त्याच्या कितीतरी पट येतं. इंजेक्शनच्या गाड्यांतले प्लॅटिनम किंवा इरिडियमचे प्लग बरेच जास्त टिकतात आणि महागही असतात. ते उगाच दरवर्षी बदलू नका.

दुकानात गेल्यावर कुठला प्लग मागायचा? त्यावरचा नंबर म्हणजे काय?

"६०० सीसीचा द्या" असं म्हणून चालत नाही. गाडीची कंपनी, मॉडेल, इंजिन आणि वर्ष, चारही सांगा. अनेक गाड्यांत बॉनेटच्या आत स्टिकरवर प्लगचा नंबर छापलेला असतो. गाडीत आधीपासून बसलेला प्लग बघून तसाच आणायचा हा मार्ग मात्र धोक्याचा, कारण आधीच्या मालकाने हाताला लागला तो घातलेला असू शकतो.

उदाहरण म्हणून जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत सर्रास दिसणारा एनजीके कंपनीचा बीआर९ईएस घ्या. 'बी' म्हणजे आट्यांचा व्यास १४ मि.मी. 'आर' म्हणजे आत रेझिस्टर आहे. ९ हा उष्णतेचा क्रमांक. 'ई' म्हणजे आट्यांची लांबी १९ मि.मी. आणि शेवटचा 'एस' म्हणजे साधी तांब्याच्या गाभ्याची रचना.

यातलं 'आर' विसरू नका. रेझिस्टर नसलेला प्लग घातला तर ठिणगीमुळे होणारा विद्युत गोंगाट गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला त्रास देतो, आणि मग इंजिनात नसलेले दोष डिस्प्लेवर दिसायला लागतात.

लांबीही तितकीच महत्त्वाची. स्कूटर-मोटारसायकलींचे बरेच जुने प्लग १२.७ मि.मी. आट्यांचे असायचे. असा आखूड प्लग १९ मि.मी.च्या भोकात बसतो, गाडी चालूही होते. पण खालचे उघडे आटे काजळीने भरतात आणि पुढच्या वेळी योग्य लांबीचा प्लग आत जात नाही. उलट, लांब प्लग आखूड भोकात घातला तर पिस्टनच त्याला येऊन धडकू शकतो.

आणखी एक बारीक गोष्ट. काही प्लगांच्या डोक्यावर आट्यांनी बसणारी छोटी टोपी असते, काहींचं डोकं एकसंध असतं. टोपीचा प्लग आला असेल तर ती पक्कडीने घट्ट करून घ्या. स्नोमोबाईलच्या थरथरीत ती सैल होते आणि कॅपच्या आतच ठिणग्या उडायला लागतात.

जरा "गरम" प्लग घातला तर काळा पडणार नाही ना?

हा सल्ला ट्रेलवर भेटणारा प्रत्येक दुसरा माणूस देतो. घेऊ नका.

गरम प्लग म्हणजे ज्याच्या टोकाची उष्णता हेडकडे हळू जाते, थंड प्लग म्हणजे ज्याची लवकर जाते. एनजीकेमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे ८ पेक्षा ९ थंड. चॅम्पियन कंपनीच्या प्लगमध्ये बरोबर उलटं, मोठा आकडा म्हणजे गरम. कंपनी बदलताना इथेच लोक फसतात.

गरम प्लग काळा कमी पडेल हे खरं. पण गोठलेल्या तळ्यावर पाच-सात किलोमीटर सलग पूर्ण थ्रॉटल दाबलात की त्याचं टोक ८५०-९०० अंशांच्या पुढे जातं. मग ठिणगीची वाट न बघता हवा-पेट्रोलचं मिक्स्चर आपोआप पेटतं आणि पिस्टनच्या माथ्यावर भोक पडायला वेळ लागत नाही. प्लग वाचवायला जाऊन इंजिन घालवायचं, असा तो व्यवहार. रस्त्यावरच्या मोटारसायकलला अशी सलग फुल थ्रॉटलची वेळ क्वचित येते, स्नोमोबाईलला रोज येते.

कोणती हत्यारं लागतात?

आत रबर किंवा चुंबक असलेलं प्लगचं सॉकेट, रॅचेट, छोटं एक्स्टेन्शन, गॅप (ठिणगी पडते ते दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर) मोजायला गोल तारांचं गेज आणि शक्य असेल तर टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना). सॉकेटचं माप प्लगप्रमाणे बदलतं. बीआर९ईएसला २०.८ मि.मी.चं, म्हणजे इकडच्या भाषेत तेरा-सोळांशाचं लागतं. याशिवाय इंधनाच्या रबरी नळीचा बोटभर तुकडा जवळ ठेवा, तो का ते पुढे येईलच.

प्लग काढायची रीत काय?

इंजिन थंड असू द्या. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि तापलेल्या हेडमधून जोर लावून प्लग काढला तर आटे प्लगबरोबर बाहेर येऊ शकतात. शिवाय शेजारीच एक्झॉस्ट पाइप असतो, हात भाजतो. पण उणे ३० मध्ये रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या गाडीवरही लगेच हात टाकू नका. आत घ्या, तासभर थांबू द्या, धातूवरचा दव सुकू द्या.

किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) दाबा, टेदरची (चालकाच्या अंगाला अडकवायची सुरक्षेची) दोरी काढा, चावी काढून खिशात ठेवा. कॅप उपसताना वायर ओढू नका. कॅपलाच धरून थोडं डावी-उजवीकडे फिरवा, मग वर. दोन्ही वायरींना टेप लावून कुठली कुठची ते लिहून ठेवा.

आता प्लगच्या मुळाशी बघा. तिथे बर्फाचं पाणी, वाळूचे कण, पाइनच्या सुया, ड्राइव्ह बेल्टची काळी भुकटी असं सगळं साचलेलं असतं. प्लग निघाला की हे सगळं थेट सिलिंडरमध्ये. म्हणून आधी कॉम्प्रेसरची हवा मारा, नसेल तर ब्रशने झाडून फुंकर घाला. सॉकेट सरळ बसवा. तिरकं बसलं तर पांढरं चिनीमातीचं अंग तडकतं आणि ती तड डोळ्यांना दिसतही नाही.

सैल करताना फारच कडक लागला तर झटका देऊ नका. पाव फेरा सोडा, परत थोडा आवळा, परत सोडा. आट्यांतली काजळी अशी हळूहळू सुटते. भेदक तेल टाकून अर्धा तास थांबलात तर आणखी बरं.

काढलेले प्लग कुठल्या सिलिंडरचे ते लक्षात राहील असे मांडून ठेवा. पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

जुन्या प्लगवरून इंजिनाची तब्येत कशी वाचायची?

खिडकीजवळ जा, भिंग घ्या आणि मधल्या इलेक्ट्रोडभोवतीचं पांढरं पोर्सेलीन बघा.

फिका तपकिरी, चहात बुडवलेल्या खारीसारखा रंग दिसला तर सगळं ठीक. गॅप तपासा आणि पुढे चला.

कोरडी, मऊ, बोटाला लागणारी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येतंय किंवा ठिणगी कमजोर आहे. चोक पूर्ण बंद होतो का, एअरबॉक्समध्ये बर्फ किंवा उंदराचं घरटं तर नाही ना, ते बघा. शेडमध्ये वर्षभर उभ्या असलेल्या गाडीत उंदीर ही थट्टेची गोष्ट नाही.

ओला आणि काळा असेल तर वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास आला आणि ओल पटकन उडून गेली, तर इंजिन ओव्हरफ्लो झालंय (आत पेट्रोल तुंबलंय) किंवा त्या सिलिंडरला करंट मिळत नाहीये. बोटांत धरून चोळल्यावर चिकट तार सुटली, तर ते ऑइल. एकच प्लग ऑइलने माखलेला आणि दुसरा कोरडा असेल तर क्रँकचं सील किंवा ऑइलची गळती शोधावी लागेल.

पांढराफटक, कोरडा, टोकाला बारीक फोड आलेले: इथे थांबा. हवा जास्त आणि पेट्रोल कमी, म्हणजे लीन मिक्स्चर. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर चिरलेलं असेल, जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) तुंबला असेल, इंधनाचा दाब कमी असेल. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे थंडावा कमी, आणि ऑइल पेट्रोलमधूनच येत असेल तर तेही कमी. नवा प्लग घालून तसंच निघालात तर पिस्टन जॅम होणार, फक्त कुठे होणार एवढाच प्रश्न.

पोर्सेलीनवर मिऱ्याच्या पुडीसारखे बारीक करडे, चमकणारे ठिपके दिसले तर भिंगातून परत बघा. ते काजळीचे कण नसून पिस्टनवरून उडालेलं ॲल्युमिनियम आहे. आत डेटोनेशन, म्हणजे मिक्स्चरचा नको तसा स्फोट, चालू आहे. गाडी बाजूला लावा आणि कारण सापडेपर्यंत चालवू नका.

एक प्लग नेहमीसारखा तपकिरी आणि दुसरा वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर बरं वाटून घेऊ नका. लिक्विड-कूल्ड इंजिनात कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असल्याची ती खूण असू शकते. कूलंटची पातळी बघा, एक्झॉस्टला गोडसर वास येतो का बघा.

पण रंगावर कितपत विसंबायचं?

अर्धवट. आजचं पेट्रोल आणि कमी धुराचं सिंथेटिक ऑइल पूर्वीसारखा रंग सोडत नाही, त्यामुळे नीट चाललेल्या इंजिनाचा प्लगही बराच फिका दिसू शकतो. त्यात गाडी घराजवळ येऊन पाच मिनिटं आयडलवर उभी राहिली असेल तर दिसतो तो त्या पाच मिनिटांचा रंग, दिवसभराचा नाही. पूर्ण थ्रॉटलचं मिक्स्चर वाचायचं असेल तर नवा प्लग घालून मोकळ्या, सुरक्षित जागी पूर्ण थ्रॉटलवर चालवा, थ्रॉटल न सोडता किल स्विच दाबा आणि तिथेच प्लग काढून बघा.

ठिपके, फोड, वितळलेलं टोक आणि दोन सिलिंडरमधला फरक यांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवा.

गॅप किती ठेवायचा?

बऱ्याच टू-स्ट्रोकना ०.७ ते ०.८ मि.मी. चालतो, पण रोटॅक्सच्या काही जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांना ०.४५ मि.मी. लागतो. एवढा फरक असल्याने अंदाजाने ठेवू नका, मॅन्युअल बघा. "आधीच सेट केलेला" असं खोक्यावर लिहिलं असलं तरी मोजा, कारण वाटेत एकदा पडला की गॅप बदलतो. कमी-जास्त करायचा तर फक्त बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड हलवा. इरिडियमच्या बारीक टोकाला गेज लावून कधीच रेटू नका.

नवा प्लग किती घट्ट आवळायचा?

आधी तो रबरी नळीचा तुकडा घ्या. प्लगच्या डोक्यावर खोचा आणि नळी बोटांनी फिरवत प्लग आत बसवा. आटे नीट पकडले तर तो अलगद आत जातो. वाकडा पकडला तर नळी प्लगवर नुसती घसरते, जोर लागतच नाही, म्हणजे आटे मारले जायची भीती नाही. रॅचेट लावून पहिला फेरा फिरवणारे लोक पुढे हेलिकॉइलचे (खराब आटे दुरुस्त करायच्या धातूच्या बाहीचे) पैसे भरतात.

प्लग हाताने पूर्ण बसला की सॉकेट लावा. नव्या प्लगच्या वॉशरला हाताने बसल्यानंतर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरतो. फिरवताना लक्ष दिलं तर हाताला कळतं: आधी वॉशर दबतो तशी एक मऊ चाल लागते, मग अचानक प्रतिकार वाढतो. तिथेच थांबायचं. हाच प्लग काढून परत लावत असाल तर वॉशर आधीच चपटा झालाय, त्यामुळे अगदी थोडा, साधारण एक-बारांश फेरा बास.

टॉर्क पाना असेल तर ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये १४ मि.मी.च्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर. १२ किंवा १० मि.मी.च्या प्लगला यापेक्षा बरंच कमी लागतं. सैल राहिलेला प्लगही वाईटच. त्याची उष्णता हेडकडे जात नाही आणि तो उगाच तापतो.

शेवटी कॅप दाबा. 'टक्' असं बसल्याचं जाणवलं पाहिजे.

आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू का?

नको. एनजीकेच्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतोच आणि कंपनी स्वतःच लावू नका म्हणते. वंगणामुळे घर्षण कमी होतं आणि टॉर्क पाना योग्य आकडा दाखवत असतानाच प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. कॅपच्या आत डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर मात्र चालेल. ओल अडते आणि पुढच्या वेळी कॅप सहज निघते.

माझी गाडी ई-टेकची आहे. काही वेगळं?

हो. ई-टेक या रोटॅक्सच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं आणि ठिणगी त्या फवाऱ्याच्या संदर्भात ठराविक दिशेला उघडी हवी. म्हणून प्लग घट्ट झाल्यावर त्याचा वाकडा इलेक्ट्रोड कुठे येतो हे महत्त्वाचं. प्लगच्या अंगावर मार्करने खूण करून घ्यायची आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या पट्ट्यात ती येते का बघायची. येत नसेल तर दुसरा प्लग लावून बघायचा, कारण प्रत्येक प्लगचे आटे थोडे वेगळ्या जागी सुरू होतात. खूण जुळवायला म्हणून जास्त आवळायचा किंवा सैल सोडायचा, हे नाही. हे झेपत नसेल तर डीलरकडे द्या, त्यात कमीपणा नाही.

काळा पडलेला प्लग घासून परत वापरला तर?

पॉलिश पेपरने प्लग घासून मायकोचाच प्लग वर्षभर चालवणारी आपली पिढी आहे, त्यामुळे हात शिवशिवतात हे मला कळतं. अडचणीत करा. ट्रेलवर ओला झालेला प्लग पुसून, सुकवून, कार्ब्युरेटर क्लीनर मारून परत लावायला काहीच हरकत नाही. पण घरी आल्यावर नवा घाला. तारेच्या ब्रशने पोर्सेलीनवर धातूच्या बारीक रेघा राहतात आणि करंट ठिणगी न पाडता त्याच रेघांवरून पळतो. सँडब्लास्ट केलेल्या प्लगच्या खाचेत वाळू अडकते, ती पुढे सिलिंडरमध्ये उतरते. आणि घासून जुना इलेक्ट्रोड धारदार होत नाही. ठिणगीला सोपी पडते ती कड, आणि झिजून गोल झालेल्या टोकाला ती राहिलेली नसते.

ठिणगी येते का ते कसं बघू?

प्लग आणि कॅप यांच्यामध्ये लावायचा स्पार्क टेस्टर मिळतो, तो घ्या. प्लग बाहेर काढून हेडला टेकवायचा आणि दोरी ओढायची ही जुनी पद्धत चालते, पण प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जात असते आणि शेजारीच तुम्ही ठिणगी पाडत असता. करायचंच तर भोकापासून दूर, हेडच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून. प्लग हातात धरू नका, गाडीचा झटका गमतीचा नसतो. वायर नुसती लोंबकळत ठेवून इंजिन फिरवलं तर इग्निशनची इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात.

नवा प्लगसुद्धा दोन तासांत काळा. आता?

आता प्लग विकत घेणं थांबवा. आधी पेट्रोल बघा. मागच्या मार्चचं असेल तर टाकी रिकामी करून ताजं भरा. मग चोक, एअरबॉक्स, ऑइल पंपाची केबल, कॅपचा आणि वायरीचा जोड. स्क्रूने बसणाऱ्या जुन्या कॅप असतील तर वायरीचं टोक पाच-सहा मि.मी. कापून कॅप परत बसवल्याने अनेकदा काम होतं. त्यानंतर कॉम्प्रेशन मोजा. दोन सिलिंडरमध्ये मोठा फरक आला तर रिंग किंवा पिस्टनचा मामला आहे.

ट्रेलवर इंजिन ओव्हरफ्लो झालं तर काय करायचं?

चोक बंद करा, थ्रॉटल पूर्ण दाबून धरा आणि दोरी ओढा. हवा जास्त आत जाते आणि जमलेलं पेट्रोल निघून जातं. इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत थ्रॉटल पूर्ण दाबून स्टार्ट केलं तर कंप्युटर इंधनच बंद करतो. नाहीच जमलं तर प्लग काढा, टेदर काढलेली असताना दोरी हळू हळू ओढून सिलिंडर मोकळे करा, पाच मिनिटं थांबा, स्पेअर प्लग घाला. हे सगळं होईपर्यंत कुणी सिगारेट पेटवायची नाही.

बरोबर काय ठेवावं?

प्रत्येक सिलिंडरमागे एक स्पेअर, गॅप मोजून, कडक प्लॅस्टिकच्या डबीत. खोक्यासकट नुसतेच टूलबॅगमध्ये टाकले तर धक्क्यांनी गॅप बंद होतो. गाडीबरोबर आलेला प्लग पाना घरीच एकदा लावून बघा. तो त्या जागेत फिरतो की नाही हे कळायची जागा घर आहे. ऑन्टॅरिओत ट्रेलचं जाळं सुमारे ३०,००० किलोमीटरचं आहे आणि उत्तरेकडे पेट्रोल पंप किंवा गाव यायच्या आधी बराच वेळ काही लागत नाही, मोबाईलची रेंजसुद्धा.

गाडी डोंगरावर नेली तर प्लग बदलावे लागतात का?

प्लग नाही, जेट. उंचीवर हवा विरळ होते, त्यामुळे खालच्या पातळीला लावलेला कार्ब्युरेटर तिथे पेट्रोल जास्त सोडतो आणि प्लग काळे पडतात. कडाक्याच्या थंडीत उलटं: हवा दाट होते आणि मिक्स्चर लीन होतं. इंजेक्शनच्या गाड्या हे स्वतः सांभाळतात. गुलमर्गला आपल्या पर्यटकांना फिरवणाऱ्या स्नोमोबाईल २,६०० मीटरच्या वर चालतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला ही उंची चांगलीच जाणवते.

उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाच मिनिटं चालू केली तर चांगलं ना?

अजिबात नाही. इंजिन पूर्ण तापत नाही, आत ओल धरते आणि प्लग काळे पडतात. हंगाम संपला की पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घाला आणि फॉगिंग ऑइल (आतले भाग गंजू नयेत म्हणून मारायचं ऑइल) मारा. प्लगच्या भोकातून मारणार असाल तर इंजिन दोरीने दोनदा हळू फिरवा, म्हणजे ऑइल सगळीकडे पसरेल. मग जुने प्लग परत लावून ठेवा. नवे डिसेंबरात, पहिल्यांदा चालू केल्यानंतर ते ऑइल जळून गेल्यावर. ई-टेकमध्ये स्टोरेज मोड असतो, गाडी स्वतःच हे करते.

ऑनलाइन खूपच स्वस्त मिळतात, घेऊ का?

नका घेऊ. एनजीकेचे बनावट प्लग बाजारात भरपूर आहेत. फिकट किंवा तिरपी छपाई, मधोमध न आलेला इलेक्ट्रोड, सहज निघून येणारा वॉशर या त्यांच्या खुणा. गावातल्या डीलरकडे घ्या.

प्लग आत फिरतोय पण घट्टच होत नाही.

आटे गेले. अजून आवळू नका. हेलिकॉइल किंवा तशाच प्रकारची धातूची बाही बसवून भोक दुरुस्त होतं, पण आटे पाडताना निघणारा कीस सिलिंडरमध्ये पडला तर पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही ओरखडतात. टू-स्ट्रोकचं हेड काढणं तुलनेने सोपं आहे, म्हणून हेड काढूनच मशीन शॉपमध्ये द्या. टॅपला ग्रीस लावून जागेवरच करून देतो म्हणणारे भेटतील. फोर-स्ट्रोकमध्ये हेड काढणं फार मोठं काम असल्याने एखाद वेळी तो पर्याय घ्यावा लागतो, पण तोही रोज हे काम करणाऱ्याच्या हातून. हेड परत बसवताना गॅस्केट किंवा ओ-रिंग नवी घाला आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने आवळा.